रात्रपाळीतला कॅन सोडायचाय, त्याऐवजी काय प्यावं?

ऐरोली_नाइटवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागाच काढतोय. ऐरोलीला सपोर्टमधे आहे, रात्री ९ ते सकाळी ६, राहायला घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे. दोनच्या सुमारास एक एनर्जी ड्रिंक होतंच, आणि चार-साडेचारला डोळे मिटायला लागले की खालच्या टपरीवरची २० रुपयांवाली बाटली. टीममधे सगळ्यांचंच हे चालतं, डेस्कवर रिकाम्या कॅनची रांग असते, मॅनेजर पण हसतो नुसता. पण हल्ली घरी पोचल्यावर झोप म्हणून येत नाही, छातीत जळजळते, संध्याकाळी उठलो की डोकं जड आणि बायको म्हणते तू चिडका झालायस. ते खरं असेल नसेल, पण कॅन सोडायचाय हे नक्की.
आता अडचण सांगतो. पँट्रीत मशीनचा चहा, मशीनची कॉफी आणि गरम पाणी एवढंच आहे. फ्रिज आहे पण त्यात ठेवलेलं दुसऱ्या दिवशी मिळेल याची खात्री नाही. घरून एखादी बाटली नेऊ शकतो. मला असं कायतरी हवंय की जे बनवायला दहा मिनिटांच्या वर लागू नये आणि पिऊन खरंच तरतरी यावी. "झोप पूर्ण कर" आणि "नोकरी बदल" हे दोन सल्ले सोडून काहीही सांगा, ते आईने देऊन झालेत.

खवचट_कोपरीकर
पाणी. धागा बंद करा.

लेबल_वाचणारा
कोपरीकरांचा विनोद सोडा पण उत्तर अर्धं बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. आधी बाटलीत काय असतं ते बघू, कारण लोक एकतर त्याला विष म्हणतात नाहीतर अमृत, आणि ती दोन्ही नाही.
आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) नियमात "कॅफिनेटेड बेव्हरेज" म्हणजे लिटरला किमान १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत कमाल ७५ मिलिग्रॅम. आता आयसीएमआर-एनआयएनची, म्हणजे सरकारच्या पोषण संशोधन संस्थेची, २०२४ ची आहाराची मार्गदर्शक तत्त्वं बघा, त्यात १५० मिली चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० सांगितलीय. मग बाटलीत असं काय आहे की जे चांगल्या फिल्टर कॉफीत नाही? कॅफिनच्या हिशोबात काही नाही. फरक दोन गोष्टींत आहे. एक साखर, पूर्ण साखरेच्या कॅनमधे १०० मिलीला ११ ग्रॅमपर्यंत असते म्हणजे २५० मिलीत २७ ग्रॅम, आणि डब्ल्यूएचओ म्हणतं की वरून घेतलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा, म्हणजे एका कॅनमधे दिवस संपला तुमचा. दुसरं म्हणजे पिण्याचा वेग, गरम कॉफी फुंकर मारत प्यावी लागते, हे थंडगार गोड दोन मिनिटांत आत जातं आणि लगेच दुसरं उघडलं जातं.
बाकी टॉरिन, बी व्हिटॅमिन वगैरे जे कॅनवर मोठ्या अक्षरात असतं त्याचं फार मनावर घेऊ नका, जेवणात कमी नसेल तर जादाचं बी व्हिटॅमिन बहुतेक लघवीवाटे जातं. आणि "दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको, मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफिन न सोसणारे यांच्यासाठी नाही" हे त्याच कॅनवर मुंगीएवढ्या अक्षरात असतं ते वाचा एकदा. शुगरफ्रीवाल्यांनी खूश होऊ नये, साखर गेली तरी कॅफिन तेवढंच आणि आंबटपणाही तेवढाच, दातांना विचारा.

चहाबाज_ठाणेकर
वा म्हणजे चहाच प्यायचा ना! उगाच कशाला आंबील नि काढे. जांभळी नाक्यावर पहाटे भाजीवाले हमाल सगळे कटिंगवरच तर काम करतात, एकाच्या हातात कॅन बघितलाय का कोणी. कटिंग म्हणजे ग्लास तो केवढा, त्यात कॅफिन पण बेताचं, आल्याने घसा पण मोकळा. माझं मत साधं आहे, रात्रभरात थोडा थोडा चहा, बिस्कीट नको, साखर अर्धी. मशीनचा चहा मात्र चहा नाही, ते गोड कोमट पाणी आहे, त्यावर माझा सल्ला लागू नाही.

नेरूळची_औषधवाली
फार्मसिस्ट आहे, नेरूळला दुकानात बसते, त्यामुळे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि एनर्जी ड्रिंक एकाच बिलात नेणारी पोरं रोज बघते 😀
नाइटवाले, तुमची तक्रार मला पेयाची कमी आणि वेळेची जास्त वाटतेय. आपण जागे असतो तसं मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं, त्यामुळे झोप दाटते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, बस. ते ताकद देत नाही, थकवा फक्त कळू देत नाही. अडवलेलं अ‍ॅडिनोसिन तिथेच असतं, कॅफिन उतरलं की एकदम जाणवतं. आणि ते उतरायला वेळ लागतो, निम्मं व्हायलाच सरासरी ५ तास, माणसागणिक कमीजास्त. साडेचारला घेतलेली बाटली साडेनऊला अर्धी अंगात आहे आणि तुम्ही आठला पडदे लावून झोपायला बघताय, कशी येणार झोप? मग दिवसाची झोप मोडते म्हणून पुढच्या रात्री अजून एक कॅन. आईचा सल्ला देत नाहीये हां, फक्त गणित सांगतेय.
म्हणून पहिलं काम म्हणजे कॅफिन बंद नको, पुढे सरकवा. जे काय घ्यायचं ते शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, एक-दीडनंतर शून्य. साध्या कॉफीने, साखर कमी. कॉफी चढायला वीसेक मिनिटं तरी लागतात, तर ब्रेक मिळत असेल तर कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटून पडा, उठाल तेव्हा दोन्हीचा फायदा. दोननंतर कॅफिन नसलेलं प्यायचं, ते काय ते इतर सांगतीलच. तीन ते पाचमधे शरीर तसंही सगळ्यात मंद असतं, तेव्हा लख्ख दिव्याखाली उभं राहणं, जिना चढउतार, तोंडावर पाणी याने जेवढं होतं तेवढं कुठल्याच सरबताने होणार नाही. आणि दोन वाजता कँटीनचा पुलाव पोटभर खाऊन वर झोप येते म्हणू नका.
एकदम सोडू नका पण. रोजचं कॅफिन अचानक बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, काहींना आठवडाभर त्रास होतो. मग लोक म्हणतात मला ते "लागतंच". आधी दुसरी बाटली बंद, जमलं की पहिलीच्या जागी कॉफी.
अजून एक, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, दम्याच्या थिओफिलिनच्या गोळ्या असतील तर धडधड वाढते. बीपी, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्यांनी तर लांबच राहावं. आणि जळजळ खूप दिवस असेल तर नुसतं अँटासिड गिळत बसू नका, दाखवून घ्या.

चहाबाज_ठाणेकर
@औषधवाली ताई, एक-दीडनंतर चहा पण नाही? हे फार होतंय.

नेरूळची_औषधवाली
नाही म्हणजे नाही. आणि जेवणाला चिकटून पण नको, त्याच आयसीएमआरच्या पुस्तकात जेवणाच्या आधी नि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा असं आहे, टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. रात्रपाळीच्या मुलींचं हिमोग्लोबिन बघाल तर कळेल.

बेलापूरची_मावशी
अरे बाळा नाइटवाल्या, एवढा काथ्याकूट कशाला, एक चांगली स्टीलची थर्मास बाटली घे आणि मी सांगते ते भर.
उन्हाळ्यात कोकम. पण दुकानात लाल सरबताची जी बाटली मिळते ना ती नको, ते अमृत कोकम, म्हणजे साखरेत मुरवलेलं, त्यात कॅनएवढीच साखर होईल. तुला आगळ हवं. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस, साखर शून्य. ग्लासभर पाण्यात दोन चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, मीठ घालूच नकोस आगळात भरपूर असतं. लागलीच तर अर्धा चमचा गूळ. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बाटलीवर गाव बघून घे. नौपाड्यात कोकणी मालाची दुकानं आहेत तिथे मिळेल, एक बाटली उघडली की फ्रिजमधे बरेच दिवस टिकते.
दोन-तीनच्या भुकेला आंबील. नुसतं पाणी पिऊन पोट भरत नाही आणि मग तू बाटलीकडे जातोस, हे मी माझ्या लेकाचं बघितलंय, तो पण महापेला होता. दोन चमचे नाचणीचं पीठ रात्रभर पाण्यात किंवा ताकात भिजव, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता पाच-सात मिनिटं शिजव, गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण, कोथिंबीर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पातळच कर, घट्ट झाली की सुस्ती येते. दहा मिनिटांच्या वर लागेल म्हणशील तर बायकोला नको सांगू, तूच संध्याकाळी उठलास की कर.
पावसाळ्यात थंड नको वाटत असेल तर गरम पाण्यात आलं, गवती चहा, थोडं लिंबू. गवती चहा नावालाच चहा, त्यात चहापत्ती घातली नाही तर कॅफिन नाही. पँट्रीत गरम पाणी आहेच म्हणतोस, मग घरून फक्त गवती चहाची सुकी पानं आणि आल्याचे तुकडे डबीत ने.

पामबीच_पळपुटा
मी रात्रपाळीचा नाही, पहाटे पाम बीचला पळणारा. पण धाग्याशी संबंध आहे कारण आमच्या ग्रुपमधे पण नवीन पोरं पळायच्या आधी कॅन मारतात आणि मग किल्ले गावठाणच्या सिग्नलपर्यंत छाती धडधडते म्हणून बसतात.
एक गोंधळ आधी मिटवू. एनर्जी ड्रिंक आणि स्पोर्ट्स ड्रिंक हे वेगळं. पहिल्यात कॅफिन-साखर, दुसऱ्यात मीठ-साखर-पाणी. घामाने जातं ते पाणी आणि सोडियम, कॅफिन नाही जात घामातून 😀 आपल्याकडची दमट हवा म्हणजे घाम सुकतच नाही, ऑगस्टमधे ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पळलेल्यांना विचारा, पाऊस पडत असतो आणि बनियन पिळून घामाचं पाणी काढावं लागतं. तासाभराच्या आत पळत असाल तर साधं पाणी पुरे, खरंच पुरे. त्याच्या वर असेल तर घरचं मीठ-साखर-पाणी, एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही, खारट लागलं म्हणजे जास्त झालं.
शहाळ्याचं कौतुक सगळेच करतात, मी पण पितो, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे खूप घामानंतर नुसत्या शहाळ्यावर राहू नका, सोबत खारे शेंगदाणे किंवा घरचा पोहा खा.
आणि ते टेट्रापॅकवाले "ओआरएस". हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मधे एफएसएसएआयने सांगितलं की डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याबाहेरच्या पेयावर ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. खऱ्या ओआरएसमधे लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ती पेयं नुसती गोड सरबतं होती. आजारात, जुलाबात मेडिकलमधून डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी घ्या. नाइटवाल्यांनी एसीत बसून ओआरएस प्यायची गरज नाही, उगाच मीठ जाईल.

वागळे_जिम
सगळे एवढे घाबरवताय, माझं तर काही झालं नाही. वर्कआउटच्या आधी मी पण घेतो कॅन आणि कधी प्री-वर्कआउट पावडर. अमेरिकेची एफडीए पण दिवसाला ४०० मिलिग्रॅम चालेल म्हणते धडधाकट माणसाला. ब्लॅक कॉफी पण चालते मला, स्वस्त आहे.

लेबल_वाचणारा
@वागळे_जिम अमेरिकेचं ४०० बरोबर आहे, पण ते कॅन + पावडर + दिवसभराचा चहा असं सगळं मिळून. कॅनवर मिलिग्रॅम लिहिलेलं तरी असतं, तुमच्या पावडरच्या एका चमच्यात किती आहे ते डब्यावर शोधून इथे टाका, काही ब्रँडात एकाच स्कूपमधे २०० असतं. मग दोन्ही एका दिवशी घ्यायचं का ते तुम्हीच ठरवा. शेवटचं वाक्य मात्र सोन्यासारखं, ब्लॅक कॉफीवरच राहा.

वागळे_जिम
बघितलं. २०० च आहे. च्यायला.

वर्तकनगर_बाई
मी शाळेत शिकवते, ठाण्यातच. धागा मोठ्यांचा आहे पण राहवत नाही. आमची आठवी-नववीची मुलं क्लासच्या बाहेर टपरीवर उभी राहून तीच २० रुपयांची बाटली पितात, वडापाव घेतला की सोबत ती. परीक्षेच्या दिवसांत तर दप्तरातच असते, कारण "रात्री जागता येतं बाई". घरच्यांना वाटतं कोल्ड्रिंक आहे. त्यांना बाटली दाखवून मागचं "मुलांसाठी नाही" वाचून दाखवलं की गप्प होतात.
जुलै २०२४ मधे विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटरच्या परिसरात अशा पेयांची विक्री बंद करू असं सांगितलं होतं. आमच्या शाळेसमोर अजून मिळतं, एवढंच मी बघते आहे. पोलंडने जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना विकायलाच बंदी केली, तिथे दुकानदार वय विचारतो. आपल्याकडे सुट्टे विचारतो.
मुलांसाठी मी काय करते ते सांगते. वर्गात उपदेश करून उपयोग नाही. सहलीला, खेळाच्या तासाला आम्ही शिक्षकच मोठ्या जारमधे लिंबू सरबत किंवा कैरी असेल तेव्हा पन्हं करतो, सब्जा घालतो, मुलांना तो सब्जा फार आवडतो, बेडकाची अंडी म्हणून एकमेकांना चिडवत पितात. गोड कमीच ठेवतो, कुणी तक्रार केलेली नाही. आणि अभ्यासाला जागायचं असेल तर आईबाबांनी दुधात खजूर घालून द्यावं, मुळात दहाला झोपवून पाचला उठवावं, पण ते कोण ऐकतं.

उरणचा_गडी
जेएनपीटीच्या लाइनवर ट्रेलर चालवतो, कळंबोली ते पोर्ट आणि कधी नाशिक-धुळे. तुमचा एसी हापिसचा प्रश्न वेगळा, आमचा वेगळा. मावशी ताक-आंबील सांगताय, बरोबर असेल, पण ताक प्यायलं की मला झोप येते हो, दुपारच्या जेवणानंतरची सवय आहे ना अंगाला. स्टेअरिंगवर ती चालत नाही. आमच्यात सगळे कॅन घेतात, काही जण तर तंबाखूवर कॅन.
मी स्वतः काय करतो तर तुर्भ्याला सत्तूवाला असतो, ठेल्यावर, सत्तू म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ, तिकडचा भय्या आहे, कांदा मिरची लिंबू काळं मीठ घालून पाण्यात ढवळून देतो. पोट भरतं पण जड होत नाही, बराच वेळ भूक नाही. आता पीठच घेऊन ठेवलंय केबिनमधे, बाटलीत हलवलं की झालं. तोंड चालू ठेवायला चणे-शेंगदाणे, चावत राहिलं की डोळा लागत नाही.
पण खरं सांगू का, डोळा लागायला लागला की काही पिऊन भागत नाही. कॅन मारला की वाटतं जागा आहे, डोळे उघडे असतात आणि मधेच एखादा सेकंद कुठे गेला कळत नाही, समोर एकदम टेललाइट. आमच्यातला एक जण असाच कसारा घाटात ठोकला, वाचला नशिबाने, डॅशबोर्डवर दोन कॅन होते. तेव्हापासून मी ढाब्यावर गाडी लावून अलार्म लावून झोपतो, मालक ओरडला तरी.

ऐरोली_नाइटवाला
@उरणचा_गडी दादा, हे वाचून आमच्या कॅबच्या ड्रायव्हरचा विचार आला. सकाळी सहाला तो पण कॅन उघडतो आणि आम्ही मागे झोपतो.

शंकासुर
एकेक करून आक्षेप घेतो, राग नसावा.
देशी म्हटलं की लोक डोळे मिटून पितात. उसाचा रस घ्या, स्टेशनबाहेर लोक "नैसर्गिक एनर्जी" म्हणून दोन दोन ग्लास मारतात, पण रसात साखर १३ ते १५ टक्के असते, एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर, कॅनपेक्षा जास्त. कधीतरी मजा म्हणून प्या, पर्याय म्हणून नको. गुळाचं तेच, गूळ म्हणजे थोडे खनिज असलेली साखरच. नीरा सकाळी थंड, ताजी मिळाली तर छान, पण तीही गोडच आणि उन्हात ठेवली की आंबून तिची ताडी व्हायला लागते, ऑफिसच्या बाटलीत अजिबात नेऊ नका 😀
आगळ, मसाला ताक, खारे दाणे यात मीठ भरपूर. बीपीवाल्यांनी मावशींची कृती तशीच्या तशी करू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना शहाळ्याचं पोटॅशियम महागात पडू शकतं. ग्रीन टी घेऊन "मी कॅफिन सोडलं" म्हणणारे खूप आहेत, ग्रीन टीत पण कॅफिन असतं, कमी इतकंच. अश्वगंधाचे शॉट हल्ली ऑनलाइन मिळतात, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी पण आहेत. लिंबू, कोकम दिवसभर घोट घोट घेत बसलात तर दातांचं तेच होणार जे कॅनने होतं, प्यायचं तर एकदम प्या आणि वर साध्या पाण्याने चूळ भरा.
"हेल्थ ड्रिंक" "एनर्जी ड्रिंक" या पाट्यांचं तर विचारूच नका, एप्रिल २०२४ मधे एफएसएसएआयला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं की दुधाच्या, धान्याच्या, माल्टच्या पावडरी या नावाखाली दाखवू नका, कारण हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच कायद्यात नाही.

बेलापूरची_मावशी
शंकासुरा तू घरी जेवतोस तरी का रे नीट? बाकी मिठाचं बरोबर आहे. आगळ दोनाच्या ऐवजी एक चमचा घाला.

खवचट_कोपरीकर
आता पाण्यावर परत या. पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

लेबल_वाचणारा
हो येतो, विसरलो नव्हतो. एसीत तहान कळत नाही, आणि पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, तीच लक्षणं जी आपण "एनर्जी डाउन" म्हणून बाटलीवर ढकलतो. नाइटवाले, तुम्ही रात्रभरात कॅन सोडून पाणी किती पिता? मला तर वाटतं उत्तर लाजिरवाणं असेल.

ऐरोली_नाइटवाला
लाजिरवाणंच आहे, एक बाटली पण संपत नाही, उठावं लागतं म्हणून टाळतो.
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. चारची बाटली बंद केलीय. पहिल्या दोन-तीन सकाळी डोकं दुखलं, औषधवाली ताईंनी आधीच सांगितलेलं म्हणून घाबरलो नाही. बारा वाजता कॉफी, बिनसाखरेची जमत नाहीये, अर्धा चमचा घालतो. कॉफीनंतरची झोप एकदाच जमली, ब्रेकरूममधे दिवे बंद करू देत नाहीत, आणि टीम लीडने फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोनचा कॅन सुटलेला नाही, आठवड्यातून कधीतरी अजून होतो, विशेषतः महिनाअखेरीला तक्रारींची तिकिटं वाढतात तेव्हा.
सत्तू भारी निघाला, दादा. घोडबंदरला किराणावाल्याकडे सहज मिळालं. तीन वाजता तो प्यायला की पुलावची आठवण येत नाही. आंबील एकदा केली, गुठळ्या झाल्या, बायकोने बघून हसून स्वतःच परत केली, मग आम्ही दोघांनी संध्याकाळी प्यायली, ऑफिसला राहिलीच नाही. सकाळची झोप सुधारलीय थोडी, अकरापर्यंत तरी सलग लागते.
आता प्रश्न, मावशी. आगळ आणलंय. घरात तांब्याची बाटली आहे, सासऱ्यांनी दिलेली, त्यात कोकम भरून नेलं तर चालेल ना? रात्रभर राहील त्यात.

नेरूळची_औषधवाली
थांबा!! तांब्यात नको. लिंबू, कोकम, ताक, काहीही आंबट तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवायचं नाही, तांबं उतरतं त्यात, मळमळ, उलट्या, पोटात कळ. तांब्याच्या बाटलीत फक्त साधं पाणी.

बेलापूरची_मावशी
बरं झालं विचारलंस. म्हणून तर स्टील म्हटलं होतं मी. आमच्याकडे चिंचेने घासायचे ना तांब्याची भांडी, मग त्यात कोकम ठेवलं तर काय होईल? सासऱ्यांच्या बाटलीत पाणी भर, ते डेस्कवर समोर ठेव, संपलं की उठून भर, तेवढंच चालणं होईल. आणि आंबील नेणार असशील तर पूर्ण गार झाल्याशिवाय थर्मासचं झाकण लावू नकोस, गरम भरून रात्रभर ठेवलीस तर आंबून फुगेल आणि झाकण उघडताना मीटिंगमधे सगळ्यांच्या शर्टावर.

चहाबाज_ठाणेकर
टीम लीडच्या शर्टावर चालेल. तोपर्यंत मी बारा पन्नासचा शेवटचा कटिंग घेऊन येतो.